दाजींच्या बर्फातल्या बायका

नाशिक शहरात आणि आसपासच्या पंचक्रोशीत गेल्या कित्येक वर्षांत जी लग्नं लागली, त्यांतल्या बऱ्याच लग्नांत अंतरपाट धरण्याआधी नाताळ साजरा झालेला आहे, आणि त्याला एकटे आमचे दाजी जबाबदार आहेत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पंचवटीत त्यांचं लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान होतं. लग्न, मुंज, जागरण-गोंधळ, कुस्त्यांचा फड, पुढाऱ्याची सभा, जिथं माणसं जमणार आणि त्यांतला एकच बोलणार, तिथं दाजींचे कर्णे आधी पोचलेले असत. आता कुठलाही लाउडस्पीकरवाला माईक लावला की त्यावर टिचक्या मारतो, फू फू करतो आणि ‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग’ म्हणतो. दाजींनी उभ्या जन्मात हे केलं नाही. ते म्हणत, “हॅलो म्हटल्यावर हॅलो ऐकू येतं, एवढंच कळतं. डब्यात जीव आहे का, ते कळत नाही.” स्पीकरच्या डब्यातला हा जीव तपासण्यासाठी ते एक रेकॉर्ड लावत. पुढे रेकॉर्डची कॅसेट झाली, कॅसेटचा पेन ड्राइव्ह झाला, पण आतलं गाणं बदललं नाही. वैशाखातल्या टळटळीत दुपारी, वऱ्हाड उपरण्यानं वारा घेत बसलेलं असताना मांडवात बारीक घंटा किणकिणू लागत आणि कोणीतरी परदेशी बाई, कसलीच घाई नसल्यासारखी, बाहेर बर्फ पडतंय असं इंग्रजीत सांगू लागे.

नामपूरला एका कांदा व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. सुट्टी होती म्हणून मीही दाजींबरोबर टेम्पोत बसून गेलो होतो. माईक लागला, घंटा वाजल्या, बाई सुरू झाली. जेवणाच्या पंगतीची आखणी करणारी माणसं हातातल्या पत्रावळींसकट थांबली. नवरीचे आजोबा काठी टेकत दाजींपर्यंत आले. मान वर करून त्यांनी कर्ण्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “हाई बाई रडी राह्यनी का गाई राह्यनी?”

दाजींनी प्रश्न मनावर घेतला. दुसरी ओळ संपेपर्यंत थांबले आणि म्हणाले, “दोन्ही.”

“मंग ऱ्हाऊ द्या,” आजोबा म्हणाले. “पोर सासरले जाई राह्यनी. चालस.”

त्या लग्नात ते गाणं पुरतं वाजलं. परतीच्या वाटेवर टेम्पोत दाजी मला म्हणाले, “पाहुणे, इतकी वर्षं ऐकतोय, पण ह्या गाण्याची इतकी समजूत मला कोणी दाखवली नव्हती.” लग्नाआधीपासून ते मला पाहुणेच म्हणत आले आहेत. मी लिहितो हे कळल्यावर त्यात ‘अहो’ची भर पडली, इतकंच.

ह्या वेडाचं मूळ मनमाडला होतं. दाजींचे वडील तिथं रेल्वेत होते आणि रेल्वेच्या चाळीमागं एका बैठ्या बंगलीत एक म्हातारी अँग्लो-इंडियन बाई एकटी राहायची. तिला सगळे मिसबाई म्हणत. दाजी तेव्हा आयटीआयला होते आणि ज्या वस्तूला स्क्रू असेल ती उघडून बघत होते. मिसबाईचं रेकॉर्ड वाजवायचं यंत्र बिघडलं, ते ह्यांनी दुरुस्त करून दिलं आणि ते नीट वाजतंय का हे बघायला म्हणून जे बसले ते तिचा मनमाडचा मुक्काम संपेपर्यंत रोज जाऊन बसत राहिले. मिसबाईकडं रेकॉर्डी मोजक्याच होत्या आणि त्या सगळ्या नाताळच्या गाण्यांच्या, सगळ्या बायकांनी गायलेल्या. बाई त्या बारा महिने लावायची. पुढं ती परदेशी बहिणीकडं कायमची निघाली तेव्हा यंत्र आणि रेकॉर्डी दाजींना देऊन गेली. वेष्टनं वाळवीनं खाल्लेली, मधल्या कागदावरची अक्षरं पुसलेली. त्यामुळं गाणाऱ्या बायका कोण, कुठल्या, हे दाजींना कधीच कळलं नाही आणि खरं सांगायचं तर त्यांनी ते शोधलंही नाही. त्यांनी त्यांना घरातल्यासारखी नावं दिली. खालच्या सुरात, रडून झाल्यावर तोंड धुऊन आल्यासारखी गाते ती थोरली. हसू दाबत गाते, कुठल्याही क्षणी फुटेल असं वाटतं ती धाकटी. आणि ज्या बाईच्या मागं व्हायोलिनवाल्यांची मोठी फौज असते, पण ती त्यांच्याकडं ढुंकूनही बघत नाही, ती मधली. “मधली जरा गर्विष्ठ आहे,” दाजी सांगत, “पण मनानं वाईट नाही.” माझे भाचे लहानपणी ह्या तिघींना खरोखरच्या आत्या समजत असत आणि त्या दिवाळीला का येत नाहीत म्हणून विचारत.

पुरुषांनी नाताळची गाणी म्हणू नयेत असा दाजींचा नियम होता. मी एकदा कौतुकानं त्यांना एक गाणं ऐकवलं. गाणारा पुरुष नामांकित होता, आवाज भरदार होता. दाजींनी शेवटपर्यंत ऐकलं, कारण मी दिलं होतं. मग म्हणाले, “हा नाताळ आला म्हणून वर्दी देतोय. बँडवाल्याचं काम आहे हे. बायका वर्दी देत नाहीत. त्यांनी घर सजवलंय, ताट वाढलंय, आणि माणूस येतो का नाही हे त्यांना माहीत नाही. गाणं तिथं आहे.” दाजींचं इंग्रजी यथातथाच होतं. ह्यातलं किती गाण्यात होतं आणि किती मनमाडच्या फलाटांवर उशिरा येणाऱ्या गाड्यांची वाट बघून त्यांच्या मनात साचलं होतं, ते देव जाणे.

दुकानात ही गाणी सगळ्यात जास्त वाजत ती एप्रिल-मे महिन्यांत. मखमलाबादचे, आडगावचे फुलवाले शेतकरी हळदीचा साउंड ठरवायला येत, घाम पुसत बाकावर टेकत आणि समोर गाण्यात बर्फातून घोडागाडी चाललेली. कोणी विचारलंच तर दाजी म्हणत, “हिवाळ्यात ऐकून काय करायचं? हिवाळ्यात थंडी आहेच.”  माणसं माठातलं पाणी प्यायची, थोडा वेळ आणखी बसायची आणि जाताना उगाच म्हणायची, “तुमच्या दुकानात बरं वाटतं.”

पण दाजींचं सगळ्यात मोठं विक्षिप्तपण वेगळंच होतं. लाउडस्पीकर भाड्यानं देणाऱ्या ह्या माणसाला मोठा आवाज सोसत नसे. म्हणजे हलवायानं साखरेचा तिटकारा करावा, तसं होतं ते. मंडळाची पोरं गणपतीत आवाज वाढवा म्हणून अंगावर येत. दाजी पहिल्यांदा समजावत, “अरे, थोरली बघा, कानाशी बोलते, तरी शेवटच्या माणसापर्यंत पोचते.” पोरांना थोरली माहीत नसे. मग दाजींनी एक युक्ती केली. मशीनवर पुढच्या बाजूला त्यांनी एक मोठं, लाल रंगाचं, हातात मस्त बसेल असं बटण लावलं. ते आत कशालाच जोडलेलं नव्हतं. पोरं यायची, ते बटण करकचून शेवटपर्यंत फिरवायची आणि “आता कसं” म्हणत नाचायला जायची. कित्येक वर्षं त्या बटणानं शहराची शांतता राखली. खरं बटण मागच्या बाजूला होतं, त्याला हात लावायची परवानगी देवालाही नव्हती. तरीसुद्धा धंदा तो धंदा. आवाज कितीही आवरला तरी तो माणूस आयुष्यभर कर्ण्यांच्या आणि डब्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसला, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

आता ताईबद्दल सांगायला हवं. ती माझं काही वाचत नाही, “तुझं काय, घरातलंच लिहितोस, ते मला माहीत हाय” म्हणते, म्हणून हे मोकळेपणानं लिहिता येतंय. आमचं घर भाजीपाल्याचं आणि फुलांचं. पहाटे निशिगंधाच्या जुड्या बांधताना आई, काकू आणि ताई गायच्या, आणि तिघींत ताईचा आवाज वेगळा कळायचा. तिला कोणी शिकवलं नव्हतं. कानावर पडेल ते ती उचलायची, मग ते भजन असो, रेडिओवरचं असो, नाहीतर भांड्याला कल्हई लावणाऱ्याची आरोळी. लग्न होऊन ती दाजींकडं गेली आणि तिच्या कानावर थोरली पडली.

लग्नानंतरचा पहिला डिसेंबर. मी घरच्या भाजीचा वानोळा घेऊन गेलो होतो, दाजींचे दोनतीन दोस्त चहाला बसले होते. स्वयंपाकघरातून थोरलीचं गाणं ऐकू येऊ लागलं. मला वाटलं, यंत्र आत नेलंय. दाजींच्या एकदम लक्षात आलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, सगळे गप्प झाले. ताई गात होती. इंग्रजीचा एक शब्द तिला येत नव्हता, पण थोरली जिथं श्वास घेते तिथं ती घेत होती, जिथं थोरलीचा आवाज किंचित तुटतो तिथं हिचाही तुटत होता. आणि इंग्रजी शब्दांच्या जागी तिनं जवळचे सापडतील ते आवाज बसवले होते. त्यात जिथं बर्फाचा उल्लेख येतो तिथं ती अगदी आर्जवानं ‘सुनो’ म्हणत होती. तिला वाटलं होतं, बाई नवऱ्याला हाक मारतेय.

दाजी हसले. वाईट मनानं हसले नाहीत, आनंदानं हसले, पण मोठ्यानं हसले. त्यांचं बघून दोस्तही हसले. दाजी आत गेले, तिला हाताला धरून बाहेर घेऊन आले, यंत्रापुढं बसवलं आणि म्हणाले, “अगं, ते सुनो नाही, स्नो. स्नो म्हणजे बर्फ. आता बघ.” त्यांनी सुई त्या ओळीवर ठेवली. ताई म्हणाली. त्यांनी सुई उचलून पुन्हा ठेवली. “ओठ गोल कर.” पुन्हा सुई. दोस्त चहाचे कप हातात धरून बघत होते. चारपाच वेळा झाल्यावर ताई उठली, पदर खोचला आणि साध्या आवाजात म्हणाली, “मला कांदे चिरायचेत.”

त्यानंतर ती त्या घरात गायली नाही. रागावली असती, रुसली असती, तर दाजींनी समजूत काढली असती. ती रागावली नाही. संसार अगदी प्रेमानं केला. फक्त गायली नाही, बारशाला नाही, हळदीला नाही, आमच्या आईच्या आग्रहाखातरही नाही. “विसरले,” म्हणायची. पहिली काही वर्षं दाजींना ते जाणवलंही नसावं. जाणवलं तेव्हा त्यांनी उघड विचारायचं सोडून भलतेच उद्योग केले. थोरलीची रेकॉर्ड त्या बर्फाच्या ओळीपर्यंत वाजवायची आणि पुढची ओळ कोणीतरी पुरी करील म्हणून यंत्र बंद करायचं. मग स्वयंपाकघराकडं कान लावून बसायचं. आतून फोडणीचा आवाज यायचा. एकदा तर ‘दुरुस्तीला आलाय’ असं सांगून त्यांनी एक चालू माईक ओट्यावर फळीआड ठेवला आणि स्वतः बाहेर डब्याला कान लावून बसले. बराच वेळ भांडी वाजली. मग डब्यातून ताईचा स्वच्छ आवाज आला, “गॅस संपत आलाय, नंबर लावा. आणि हे तुमचं इथून उचला, तेल उडतंय त्यावर.”

ही गोष्ट दाजी स्वतःच रंगवून सांगायचे आणि आम्ही पोट धरून हसायचो. सांगून झाल्यावर ते आपल्या रेकॉर्डी पुसायला घ्यायचे. तेव्हा त्यांचा चेहरा कोणी पाहिला असता तर पुन्हा ती गोष्ट सांगा म्हणून आग्रह केला नसता.

वर्षं गेली. डीजे आले, भिंतीएवढे डबे आले, दाजींचं लाल बटण कोणी फिरवेना. तरी जुने लोक त्यांना बोलावत. चारएक वर्षांपूर्वी दिंडोरीकडच्या एका वाइनरीतून बोलावणं आलं. नाताळच्या आठवड्यात त्यांच्याकडं पाहुण्यांसाठी गाण्याचा कार्यक्रम होता, मुंबईहून एक तरुण गायिका यायची होती आणि ती नेमकी तीच जुनी, सावकाश गाणी गाणार होती. दाजींच्या आयुष्यात ही गाणी कोणी समोर उभं राहून गाण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी इस्त्रीचा कोट घातला. दुपारीच मला बरोबर घेऊन जाऊन सगळ्या तारा दोनदोनदा तपासल्या. थंडी कडक पडली होती, आजूबाजूच्या बागांत द्राक्षं गारठू नयेत म्हणून लोकांनी शेकोट्या करून धूर केला होता आणि तो धूर वेलींवर पांढरा होऊन बसला होता. दाजी मला म्हणाले, “हे बघा पाहुणे, बर्फ म्हणजे असंच काहीतरी असणार.”

मुलगी छान होती, नम्र होती. दाजींना नमस्कार करून उभी राहिली. दाजींनी तिला माईक हातात देताना सांगितलं, “बाळ, माईक म्हणजे कान समज. कानात कोणी ओरडत नाही.” ती हसली आणि गायला लागली. पहिल्या ओळीलाच दाजींच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी मागच्या, खऱ्या बटणाला हात घातला. थोडं वाढवलं. मान तिरकी करून ऐकलं. आणखी वाढवलं. पुढच्या टेबलांवरच्या लोकांनी वळून पाहिलं. मुलगी माईक तोंडापासून लांब नेऊ लागली, तसे दाजी वाढवत गेले. शेवटी डबे किंचाळले, एका बाईनं दोन्ही कानांवर हात ठेवले, आणि तिथला व्यवस्थापक धावत आला. “काका, कमी करा. प्लीज, आवाज कमी करा.”

दाजींना आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आवाज कमी करा म्हटलं होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी हातानं ‘कमी’ असं केलं. त्यांनी बटण माझ्या हाती दिलं आणि कार्यक्रम संपेपर्यंत डब्यांच्या मागं, कोटाच्या खिशात हात घालून उभे राहिले. मुलगी पुढं बरीच गायली. फार सुंदर गायली. घरी येताना ते एवढंच म्हणाले, “गोड होती पोरगी. पण हल्लीच्या पोरी आवाजच काढत नाहीत.”

पुढं हेच ते थोरलीबद्दलही म्हणू लागले. “बायका हळू गायला लागल्यात,” हे त्यांचं वाक्य घरात गाजलं. साठ वर्षांपूर्वीची रेकॉर्ड आता हळू कशी गाईल, असं ताईनं विचारलं तर म्हणाले, “थकली असेल.” त्यांनी सुई बदलली, तारा बदलल्या, विजेचा दाब कमी येतो म्हणून वीज मंडळात तक्रार केली. शेवटी मुलगा पुण्याहून आला आणि बळेबळे डॉक्टरांकडं घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मोठ्या आवाजाशेजारी बसून बसून कान गेलेत, आणि असं होतं तेव्हा बारीक, नाजूक आवाज आधी जातात. ढोल ऐकू येतो, ट्रकचा भोंगा येतो. बाईचा हळू सूर येत नाही. दाजींनी शांतपणे ऐकलं, म्हणजे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं ते वाचलं. दुकान त्यांनी त्याच महिन्यात बंद केलं. मुलानं कानाचं मशीन आणून दिलं. ते चार दिवस दिसलं आणि मग कपाटात गेलं. “कुई करतं,” दाजी म्हणाले.

ह्या डिसेंबरात ताईचा फोन आला. “ये जरा. ह्यांना समजावून सांग. मागच्या महिन्यात कोपऱ्यावर रिक्षा अंगावर आली असती. मागून एवढा हॉर्न वाजतोय, ह्यांना पत्ता नाय. पोरानं आणलेलं मशीन नुसतं पडलंय. तुझं ऐकतील.”

दुपार टळता टळता मी गेलो. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिना चढताना वरून थोरलीचं गाणं ऐकू आलं आणि मला बरं वाटलं, दाजींनी पुन्हा यंत्र काढलं म्हणायचं. दार उघडंच होतं. दाजी समोर खुर्चीत पेपर धरून बसले होते. यंत्रावर कापड झाकलेलं होतं. गाणं स्वयंपाकघरातून येत होतं. मी तिथंच उभा राहिलो. इतक्या वर्षांनी ऐकत होतो. ताई ओट्याशी मेथी निवडत होती आणि मोकळ्या गळ्यानं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकं मोकळं, ते इंग्रजी गाणं तिच्या त्या इंग्रजीत गात होती. मला बघून ती थांबली नाही. ओळ पुरी केली, आणि मग म्हणाली, “अरे, बैस की. त्यांना कुठं ऐकू येतंय.”

बहिऱ्या माणसाला गुपचूप समजावता येत नाही, ही त्यातली मोठी अडचण असते. मी दाजींच्या कानाशी ओरडलो, “जरा पाय मोकळे करून येऊ.” शेजारच्या दोन घरांची दारं उघडली. दाजी उठले, चपला घातल्या आणि माझ्याबरोबर उतरू लागले. एक मजला उतरल्यावर ते थांबले, वर एकदा पाहिलं, खिशातून मशीन काढलं आणि सराईतपणे कानात बसवलं.

“आता हळू बोला, पाहुणे. केवढ्यानं ओरडता तुम्ही.”

 “म्हणजे तुम्ही वापरता हे?”

“बाहेर वापरतो. त्या रिक्षावाल्यानं शिव्या घातल्या तेव्हापासून. त्या शिव्यासुद्धा ऐकू आल्या नव्हत्या मला, त्याच्या तोंडावरून कळल्या.”

“मग घरात का नाही?”

ते पुढं उतरत राहिले. फाटकाशेजारी पार्किंगच्या कट्ट्यावर आम्ही बसलो. समोरून भाजीची गाडी ओरडत गेली, तिचं ओरडणं संपेपर्यंत ते थांबले.

“पोरानं मशीन दिलं ना, त्या दिवशी मी मोरीत जाऊन, आरशात बघून लावलं. बाहेर आलो तर आधी पंख्याचा आवाज आला. मला वाटलं पाऊसच पडतोय. आणि मग आतून ही.” त्यांनी मान वर करून तिसऱ्या मजल्याकडं पाहिलं. “मला माहीतच नव्हतं. ओठ हलताना दिसायचे, मला वाटायचं पुटपुटते, वयानं होतं तसं माणसाचं. ती गात होती, पाहुणे.”

“किती वेळ ऐकलंत?”

“चहाला उकळी येईपर्यंत. मग ती कप घ्यायला वळली, तिला माझ्या कानात हे दिसलं, आणि संपलं.”

“काही म्हणाली?”

“म्हणाली, बरं झालं लावलंत. खरंच आनंद झाला तिला. चेहऱ्यावर दिसला. पण गाणं बंद. दुसऱ्या दिवशी बंद. तिसऱ्या दिवशी बंद. मग मी म्हटलं, हे कुई करतंय, डोकं दुखतं, आणि कपाटात टाकलं. संध्याकाळी बघतो तर ओठ हलतायत.”

मी म्हणालो, “तिला सांगा ना, मला ऐकायचंय म्हणून.”

“सांगून गाईल ती?” दाजी म्हणाले. तिला ते माझ्यापेक्षा जास्त ओळखत होते.

“मग मशीन लावून गुपचूप खिडकीखाली उभे राहा.”

“तिसऱ्या मजल्याच्या खिडकीखाली कुठं उभा राहू? पाइपाला धरून लोंबकळू का?” ते हसले. मग बराच वेळ त्यांनी कट्ट्याच्या फरशीवरून हात फिरवला. “आवाज जाड झालाय जरा. खाली उतरलाय. छान झालाय. इंग्रजी तेच आहे अजून.” त्यांनी मला विचारलं, मला म्हणजे कोणालाच नाही, “काय गरज होती हो मला? त्या दिवशी ते बरोबर करून मला काय मिळणार होतं?”

 आम्ही गंगेपर्यंत, म्हणजे आमच्या गोदावरीपर्यंत, फिरून आलो. वाटेत त्यांनी मला फुलांच्या दुकानातल्या पोरीचा, कंडक्टरचा, शाळेतून सुटलेल्या मुलींचा आवाज कसा आहे ते सांगितलं, आणि जिन्यात, पहिल्या मजल्यावर, मशीन काढून खिशात टाकलं. मी कोणाला सांगायचं नाही, असं त्यांनी बोटानंच बजावलं.

दारात ताई वाट बघत होती. दाजी आपल्या खुर्चीकडं गेले. तिनं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, “काय म्हणाले?”

“ऐकत नाहीत,” मी म्हणालो.

“त्यांनी कधी ऐकलंय,” ताई म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आज भाजीत मीठ जरा जास्त पडलंय म्हणावं तसं ती म्हणाली, आणि कुकर लावायला आत गेली.

थोड्या वेळानं आत गाणं सुरू झालं. दाजींनी पेपर उघडला होता, पण नजर पेपरच्या वरून स्वयंपाकघराकडं होती. ताई आमच्याकडं पाठ करून उभी होती. पाठीकडून ओठ दिसत नाहीत. सूर लांबला की तिची मान किंचित एका बाजूला झुकत होती, आणि तेवढ्यावरून, ती कुठल्या ओळीवर असेल ह्याचा अंदाज घेत ते बसले होते. मी निघालो. चपला घालायला मी मुद्दाम वेळ लावला.